फार्करसन रायफल

फार्करसन रायफल ही एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये विकसित झालेली एकबारी शिकारी रायफल आहे. स्कॉटलंडमधील जॉन फार्करसन यांनी १८७२ मध्ये तिच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. एका वेळी एकच काडतूस घेणारी ही रायफल भक्कम बांधणी आणि हाताने केलेल्या घडणीमुळे संग्राहकांमध्ये आजही मानाची समजली जाते.

यंत्ररचना

नळीच्या मागील तोंडाशी पोलादाचा एक जाड ठोकळा असतो. चापाच्या कडीलगतची तरफ खाली ओढली की हा ठोकळा खाचांमधून सरळ खाली घसरतो, काडतुसाची जागा उघडी होते आणि आतला घोडाही त्याच हालचालीत चढतो. काडतूस भरून तरफ वर घेतली की ठोकळा पुन्हा नळीमागे बसतो. समकालीन मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीतील ठोकळा मागच्या बिजागरीवर झुकत असे; फार्करसनमध्ये तो उभा सरकतो व स्फोटाचा धक्का दोन्ही बाजूंच्या खाचांवर पेलला जातो. घोडा बाहेर दिसत नाही, त्यामुळे तो झुडपांत अडकण्याचा प्रश्न उरत नाही. बोल्ट मागेपुढे सरकण्यासाठी लागणारी जागाही वाचते; म्हणून तेवढ्याच लांबीची नळी असूनही ही रायफल बोल्ट रायफलीपेक्षा आखूड व तोलदार राहते.

उत्पादन आणि वापर

ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज या कंपनीने पेटंटचे हक्क मिळवून उत्पादन सुरू केले. तिने हजाराहून कमी रायफली घडवल्या. अखेरची १९१० मध्ये दिली गेली. यांतील अनेकींच्या नळ्यांना विल्यम मेटफर्ड यांच्या पद्धतीचे उथळ आटे होते. आफ्रिकेतील प्रसिद्ध शिकारी फ्रेडरिक सेलूस यांनी अशी रायफल वापरली. पेटंटची मुदत संपल्यावर लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफरी यांसारख्या उत्पादकांनीही याच धर्तीच्या रायफली विकल्या. विसाव्या शतकात एकामागोमाग गोळ्या झाडणाऱ्या बोल्ट रायफली स्वस्त व विश्वासार्ह झाल्या आणि एकबारी रायफलीची व्यावहारिक गरज संपत गेली. जखमी जनावर अंगावर आले तर दुसरे काडतूस भरायला मिळेलच याची खात्री नसे, ही तिची खरी उणीव होती.

घडण आणि पारख

मागणीनुसार घडवलेल्या रायफलीत दस्ता ग्राहकाच्या हाताची लांबी, खांदा व मान पाहून बेतला जातो. अक्रोडाच्या ठोकळ्यावर नक्षीदार रेषा हव्या असतात. मात्र मनगटाच्या पकडीशी त्या सरळ जाव्या लागतात, नाहीतर दस्ता तिथेच फुटतो. धातूच्या भागाला काजळी लावून तो लाकडात दाबतात, काळा डाग उमटेल तेवढेच लाकूड खरवडतात आणि फट दिसेनाशी होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करतात. या कामात घाई लपत नाही. जाणकार कोरीवकामाआधी हाच सांधा, पकडीवरील चौकड्यांची कोरणी आणि स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आहेत का, हे पाहतात. कोरीवकाम ढोबळ चुका झाकू शकते, सांधा झाकू शकत नाही. दस्ता दोन तुकड्यांचा असल्याने पुढील लाकडाचा नळीवरील दाब बदलला की नेम सरकतो. लाकूड ओलाव्याने फुगते व आकसते, त्यामुळे हा दोष काढणे कारागिराची कसोटी ठरते.

उत्तरकाळ

अमेरिकेच्या स्टर्म, रुगर या कंपनीने १९६०च्या दशकात फार्करसनच्या बाह्यरूपावरून प्रेरणा घेऊन 'नंबर १' ही एकबारी रायफल बाजारात आणली. तिच्या दस्त्याला लेनर्ड ब्राउनेल यांनी आकार दिला. पुढील लाकूड तिथे एका स्वतंत्र दांड्याला जोडलेले असते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर अशा रायफलींचा शिकारीसाठीचा वापर जवळजवळ संपुष्टात आला. जुन्या संस्थानिकांच्या व शिकाऱ्यांच्या घराण्यांत अशी रायफल राहिली असेल, तर तिला १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो.