खासबागेतला मल्ल, मोतीबागेतला वस्ताद

आजचा भाग हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांवर आहे. कोल्हापुरात साठीच्या पुढच्या कुणाहीसमोर हे नाव काढून बघा, चहा गार होईपर्यंत कुस्त्यांची वर्णनं ऐकायला मिळतात. ती वर्णनं यूट्यूबवर, पेपरच्या पुरवण्यांमध्ये पुष्कळ सापडतील. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या डावाबद्दल जास्त बोलायचंय. लंगोट उतरवल्यानंतर ते वस्ताद झाले, त्याबद्दल.

सुरुवात जरा लांबून करतो. गोल्फपासून. थांबा, एपिसोड बंद करू नका.

गोल्फमध्ये ‘प्रो’ म्हणजे आज आपल्याला टीव्हीवर दिसणारा, करोडोंची बक्षिसं घेणारा खेळाडू वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये प्रो म्हणजे क्लबचा पगारी माणूस. तो मैदानाची निगा राखायचा, स्टिका आणि चेंडू बनवायचा, सभासदांना शिकवायचा आणि मधूनमधून पैज लावून खेळायचा. ओल्ड टॉम मॉरिस हा त्यातला सगळ्यात मोठा माणूस. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा त्यानं ओपन स्पर्धा जिंकली, आणि तरीही मैदानावरचं गवत बघायचं काम त्याचंच. म्हणजे शिकवणं हा तिथं निवृत्तीनंतरचा उद्योग नव्हताच, तो मूळ धंदा होता. मान मात्र कमी. अगदी १९२० साली वॉल्टर हेगन हा अमेरिकन प्रो इंग्लंडमध्ये डीलला ओपन खेळायला गेला, तर प्रो लोकांना क्लबहाऊसमध्ये प्रवेश नाही. पठ्ठ्यानं भाड्याची आलिशान गाडी आणून क्लबच्या दारात उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले.

आता कोल्हापुरात या. इथंही पैलवान हा पैशासाठीच खेळायचा. मैदान भरायचं, जोड ठरायची, इनाम ठरायचं. पण इथं त्याला दाराबाहेर उभं करायची कुणाची टाप नव्हती, कारण दाराचा मालक स्वतः पैलवान होता. शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. १९०२ मध्ये ते युरोपला जाऊन आले, रोमचं जुनं अखाडावजा मैदान त्यांच्या डोक्यात बसलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळं कुठूनही बघा, कुस्ती दिसते. उत्तरेतले, पंजाबातले नामांकित मल्ल दरबारात आश्रयाला असत, त्यांचा खुराक दरबारातून चाले. आणि त्या मल्लांचं मुख्य काम काय? स्वतः लढायचं, आणि इथल्या पोरांना घडवायचं. म्हणजे गोल्फच्या प्रोसारखंच, फक्त फेटा बांधून.

ही सगळी व्यवस्था एका माणसाच्या इच्छेवर उभी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवा. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. राजाराम महाराजांनी पुढं बरंच चालवलं, तेही १९४० मध्ये गेले. आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबार नाही, म्हणजे दरबाराचा खुराकही नाही.

गणपतराव कोल्हापुरात येतात ते बरोबर यानंतर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. जन्म १९३५ चा, गाव शिराळा तालुक्यातलं पुनवत. शेतकऱ्याचं उंच, थोराड पोर. त्या काळी वारणेच्या आणि कृष्णेच्या काठच्या गावांतून असं एखादं पोर दिसलं की गाव म्हणायचं, याला कोल्हापूरला धाडा. आईबाप पोत्यानं धान्य, डब्यानं तूप पोचवायचे. संस्थान गेल्यावर कुस्तीचा खरा आश्रयदाता तो बाप होता, असं माझं मत. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव नसतं.

पुढचं वेगानं सांगतो, कारण हा भाग तुम्हाला पाठ असेल. हिंदकेसरी किताब १९५८ ला सुरू झाला. १९५९ ला श्रीपती खंचनाळे यांनी तो महाराष्ट्रात पहिल्यांदा आणला आणि १९६० ला मुंबईत खडकसिंगला हरवून गणपतरावांनी. लागोपाठ दोन वर्षं मानाची गदा कोल्हापुरात. खासबागेत पंजाबच्या आणि पाकिस्तानच्या मल्लांशी लढती झाल्या. पाकिस्तानचा पैलवान कोल्हापुरात येऊन लढतोय आणि पब्लिक त्याच्या डावालाही टाळ्या देतंय, हे आज ऐकताना वेगळंच वाटतं.

इथं थोडा थांबतो, कारण १९६२ मध्ये जे घडलं ते मला गदेपेक्षा मोठं वाटतं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धा. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियानं येऊ दिलं नाही, भारताच्या प्रतिनिधीनं त्यावर आक्षेप घेतला आणि तिथलं वातावरण भारताच्या विरोधात तापलं. त्या गर्दीसमोर गणपतराव हेवीवेट गटात उतरले. फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं. एका सांगली जिल्ह्यातली दोन माणसं, चार पदकं.

यातलं ग्रीको-रोमन प्रकरण नीट समजून घ्या. मातीतल्या कुस्तीत पट काढायचा, टांग मारायची, एकलंगी भरायची, पायाशी खेळायचं. ग्रीको-रोमनमध्ये कंबरेखाली हातच लावायचा नाही आणि पायानं डाव करायचा नाही. म्हणजे तुमचे अर्धे डाव उंबऱ्याबाहेर ठेवून आत जायचं. मातीत गुण नाहीत, घड्याळ नाही, पाठ लागली की कुस्ती निकाली. मॅटवर गुण आहेत, वेळ आहे, शिट्टी आहे. आमच्या भाषेत बोलायचं तर आयुष्यभर एका लँग्वेजमध्ये कोड लिहिला आणि परीक्षा दुसऱ्याच लँग्वेजमध्ये दिली. आणि पहिला नंबर काढला. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकला ते गेले, तिथं पदक आलं नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला.

गंमत बघा, त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूच चालायचे. आपले पैलवान कागदावर हौशी. प्रत्यक्षात वर्षभर जत्रेच्या मैदानांतल्या इनामावर त्यांचा खुराक चालायचा. दूध, तूप, बदाम, थंडाई, हे काही हौसेवर येत नाही.

आणि मग शरीर थांबतं. पैलवानाचं शरीर पस्तिशी ओलांडली की ऐकत नाही. जोर-बैठका कमी केल्या की तोच खुराक अंगावर चढतो. गुडघे बोलायला लागतात. मैदानातलं नाव मोठं असलं तरी पेन्शन नसते. किती तरी नामवंत मल्लांचे शेवटचे दिवस हलाखीत गेलेत. काही जण शेतीवर परतले, काही राजकारणात गेले. खाशाबा जाधवांचंच उदाहरण घ्या. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिकडं पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. ते खाशाबा पुढं पोलीस खात्यात नोकरीला लागले. त्यांच्या डोक्यात जे होतं, ते पद्धतशीर पुढच्या पिढीत उतरवून घेईल अशी व्यवस्था कुणी केली नाही. मला हे त्यांच्या दुर्लक्षित राहिलेल्या सन्मानांपेक्षा जास्त लागतं.

गणपतराव मात्र कोल्हापुरातच राहिले. भवानी मंडपाजवळच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून.

वस्ताद म्हणजे कोच, असं आपण पटकन म्हणतो. पण कोच सरावापुरता असतो आणि वस्ताद चोवीस तासांचा. पहाटे अंधारात पोरं उठवायची. हौद्यातली माती खणून घ्यायची, आणि ती माती म्हणजे नुसती माती नव्हे, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, काव, कापूर जातं. कुणाचे जोर किती, कुणाची लढत कुणाशी, कोण आज दमलाय आणि कोण दमल्याचं सोंग करतोय, हे बघायचं. कोण कुठं जेवतो, कोण सिनेमाला पळतो. गावाकडून आलेल्या बापाला खरं सांगायचं की पोराला आणखी दोन वर्षं ठेवा, किंवा त्याहून अवघड, की घेऊन जा.

आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे जोड. यात्रा कमिटीचे लोक येतात, म्हणतात अमक्या पोराची तमक्याशी लावतो, इनाम मोठं आहे. पोराला पैसे हवे असतात, घरी कर्ज असतं. वस्तादानं ‘आत्ता नको’ म्हणायचं. एक चुकीची जोड, एक मोठी हार, आणि पोर मनातून उतरतं ते उतरतंच. रेवड्यांच्या कुस्तीपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंतचा रस्ता अशा ‘आत्ता नको’नं भरलेला असतो. मैदानात लढताना गणपतरावांनी काय केलं ते हजारोंनी पाहिलं. वस्ताद म्हणून ज्या कुस्त्या त्यांनी लागू दिल्या नसतील, त्यांची नोंद कुठून असणार?

आमच्या धंद्यातही हे आहे. कोड ज्यानं लिहिला त्याचं नाव इतिहासात राहतं. ज्यानं रिव्ह्यू करताना ‘हे असं नको’ म्हणून तीन वेळा परत पाठवला, त्याचं नाव कुणी शोधत नाही.

तरी एक नाव आहे, ज्यावरून वस्ताद मोजता येतो. दादू चौगुले. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचं पोर, मोतीबागेत गणपतरावांच्या हाताखाली तयार झालं. १९७० आणि १९७१ लागोपाठ महाराष्ट्र केसरी, मग रुस्तुम-ए-हिंद, आणि १९७४ ला न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. म्हणजे मातीत किताब आणि मॅटवर पदक, दोन्ही. वस्तादाच्या कारकिर्दीचा आकार पठ्ठ्याच्या कारकिर्दीत जसाच्या तसा उमटलेला दिसतो.

आता कौतुक पुरे, एक अवघड प्रश्न. एवढा वस्ताद, एवढ्या तालमी, मग खाशाबांनंतर कोल्हापूरच्या कुस्तीला ऑलिंपिक पदक का नाही?

याला तुलना म्हणून दिल्लीचे सतपाल घेऊ. गुरू हनुमानांचे पठ्ठे, खासबागेच्या मातीतही लढलेले, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. तेही कुस्ती सोडल्यावर शिकवायला लागले, पण छत्रसाल स्टेडियममध्ये, मॅटवर. तिथून सुशील कुमार आला, २००८ ला कांस्य, २०१२ ला रौप्य. दोन्ही मोठे मल्ल, दोन्ही वस्ताद झाले. फरक कुठं पडला?

माझं मत असं की फरक माणसांत नव्हता, पैसा कुठून येतो त्यात होता. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात जत्रेची मैदानं जिवंत राहिली. चांगल्या पैलवानाला हंगामात मैदानं मारून घर चालवता येत होतं. संस्थान गेल्यावर कुस्ती तगली ती या मैदानांमुळं. पण मैदान मातीचं. ज्या मातीनं पोट भरलं, तिनंच मॅटकडं जायची घाई होऊ दिली नाही. उत्तरेतही दंगली होत्या, नाही असं नाही, पण तिथं स्टेडियम आणि सरकारी नोकरीची शिडी मॅटला लवकर जोडली गेली. एकटा वस्ताद पोराला सांगू शकतो की मॅटवर सराव कर. यात्रा कमिटीला नाही सांगू शकत की हौदा बुजवा. आणि खरं सांगू, हौदा बुजवावा असं मलाही वाटत नाही. हलगी कडाडायला लागली की माझं सगळं विश्लेषण गार पडतं.

पदक आलं ते वेगळ्याच खेळातून. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. दादू चौगुल्यांचाच तालुका! खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्याच्या प्रशिक्षक कोण? दीपाली देशपांडे, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः रायफल घेऊन उतरलेल्या. त्यांना ऑलिंपिक पदक मिळालं नव्हतं. पण फायनलच्या रेंजवर छातीत काय होतं हे ज्याला आतून माहीत आहे, असं माणूस पोराच्या मागं उभं होतं. त्यांना पुढं द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला.

गणपतराव २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गेले, ८३ व्या वर्षी. दादू चौगुले त्यानंतर वर्षभरानं, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. दादूमामांनीही कुस्ती सोडल्यावर तेच केलं, मोतीबागेत वस्ताद म्हणून उभे राहिले. त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला.

कोल्हापूरला आलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर भवानी मंडपातून पाच मिनिटं मोतीबागेकडं वळा. पहाटे गेलात तर उत्तम. चपला बाहेर काढा, आणि हौद्यात कोण लढतंय त्याच्यापेक्षा काठावर कोण उभं आहे तिकडं बघा.