महाग्रंथ आणि कोशिंबीर

आपल्याकडे पान वाढण्याचें एक शास्त्र आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें हीं डाव्या बाजूस. भाजी, उसळ, आमटी हीं उजव्या बाजूस. आणि मध्यें भात. डाव्या बाजूनें तोंडास रुचि आणावी आणि पोट भरण्याचें काम उजव्या बाजूनें व भातानें करावें, अशी ही वांटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणा पाहुण्यापुढें नुसती कोशिंबीर वाढून ‘सावकाश होऊं द्या’ असें म्हटलें, तर तो ती थट्टा तरी समजेल, नाहीं तर अपमान तरी. युरोपांत मात्र आपल्या कोशिंबिरीचाच जो भाऊबंद, ज्यास तिकडे सॅलड म्हणतात, तो दुपारच्या जेवणास पुष्कळदां एकटाच येतो आणि माणसाची भूक पुरी भागवितो. तिकडेही हें पूर्वींपासून असें नव्हतें. तेथेंही ह्या पदार्थाचें स्थान बहुधा डावेंच होतें. तो मध्यभागीं कसा आला, ह्याची हकीकत मनोरंजक आहे. आणि त्या हकीकतींत एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थाच्या लहानशा पुस्तकाचें स्थान मोठें आहे.

‘सॅलड’ ह्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील मिठाच्या नांवांत आहे. रोमन लोक ह्याच पदार्थास शिरक्यावरून ‘अ‍ॅसेटेरिया’ असेंही म्हणत. हा पदार्थ करण्यास विस्तव लागत नाहीं, सरपण वांचतें, आणि तो केव्हांही तयार असतो, असे त्याचे गुण इ. स. ७९ सालीं व्हेसुव्हियसच्या स्फोटांत मरण पावलेल्या प्लिनीनें नोंदून ठेविले आहेत. ऑगस्टस बादशहाच्या दुखण्यांत त्याच्या वैद्यानें लेट्यूसच्या पाल्यानें त्यास वांचविलें, अशी आख्यायिकाही त्यानेंच दिली आहे. हा पाला जेवणाच्या आरंभीं खावा कीं शेवटीं, ह्याविषयीं मात्र रोमन लोकांत एकवाक्यता नव्हती. आजोबांच्या काळीं जो लेट्यूस जेवणाची सांगता करी, तो आतां जेवणाचा आरंभ कां करूं लागला, असें कवि मार्शल यानें विनोदानें विचारलें आहे. आरंभ किंवा शेवट, इतकाच हा वाद. जेवण म्हणजेच लेट्यूस, असें त्या वादांत कोणी म्हटलें नाहीं.

पुढें युरोपच्या वैद्यकानें हिरव्या पाल्याकडे संशयानें पाहण्यास सुरुवात केली. आपल्याकडे जसा वात, पित्त व कफ ह्यांचा विचार, तसा तिकडे गेलेनच्या परंपरेंतील चार रसांचा विचार होता. कच्चा पाला थंड व ओला. तो फार खाल्ल्यास जठराग्नि मंदावतो आणि ताप येतो, असा समज दृढ होता. काकडी कशीही केली तरी ती फेंकून देण्याच्याच लायकीची, जवळजवळ विषासमान, असें इंग्लंडांत सतराव्या शतकांतही मानीत असत. दही घालून केलेली काकडीची कोशिंबीर उन्हाळ्यांत आवडीनें खाणाऱ्या आपल्या घरांतून हें वाचतांना हंसूं येईल. परंतु ज्या भीतीस शास्त्राचा आधार आहे असें वाटतें, ती सहजासहजीं जात नाहीं.

ह्याचा अर्थ त्या काळीं भरगच्च सॅलडें नव्हतींच असा नव्हे. गर्व्हेज मार्कहॅम यानें १६१५ सालीं गृहिणींसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत बदाम, मनुका, अंजिरें, ऑलिव्ह, पालक, साखर, आणि त्यांवर संत्र्यालिंबांच्या चकत्यांचे थर, अशी एक कृति आहे. रॉबर्ट मे ह्या आचाऱ्यानें १६६० सालच्या आपल्या पाकग्रंथांत थंड भाजलेल्या कोंबड्याचे काप, मुरविलेल्या अळंब्या, कालवें, बदाम आणि अमेरिकेंतून आलेला बटाटासुद्धां एका ताटांत एकत्र आणिला. हीं ताटें सरदारांच्या मेजवानीची शोभा होतीं. त्यांनीं पोट भरे हें खरें. पण तें मांसानें, सुक्या मेव्यानें आणि साखरेनें भरे. पाला तेथें मखरास लाविलेल्या झिरमिळ्यांसारखा होता. पाल्यासच प्रधानस्थानीं बसवून त्याच्या भोंवतीं जेवण रचावें, ही कल्पना अजून यावयाची होती.

ती कल्पना शास्त्रशुद्ध रीतीनें मांडणारा गृहस्थ म्हणजे जॉन एव्हलिन. त्याचा जन्म १६२० सालचा. त्याची रोजनिशी आज इतिहासाचें एक मोठें साधन समजली जाते. तो रॉयल सोसायटीच्या आरंभींच्या सभासदांपैकीं एक. लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध त्यानें १६६१ सालीं एक पुस्तिका लिहिली. १६६४ सालीं वनवृक्षांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १६६६ सालीं लंडन शहर जळालें तेव्हां तें पुनः कसें वसवावें ह्याचा आराखडा त्यानें राजापुढें ठेविला. डेप्टफर्ड येथील सेज कोर्ट ह्या आपल्या जागेंत त्यानें चाळीस वर्षें खपून एक बाग उभी केली होती. तिच्यांतील हॉलीच्या झाडांचें उंच कुंपण हा त्याचा मोठा अभिमानाचा विषय.

पण आयुष्याच्या उतारावर ह्या माणसाच्या वांट्यास फार कांहीं उरलें नाहीं. १६९८ सालीं रशियाचा बादशहा पीटर इंग्लंडांत जहाजबांधणी शिकण्यास आला, तेव्हां तो सेज कोर्टमध्यें भाड्यानें राहिला; त्यानें व त्याच्या मंडळीनें घराची व बागेची इतकी नासधूस केली कीं तिची पाहणी करून भरपाई ठरविण्यास सर क्रिस्टोफर रेन ह्यास पाठवावें लागलें. १६९९ च्या मार्चमध्यें एव्हलिनचा उरलेला एकुलता मुलगा वारला. आठ अपत्यांपैकीं एक मुलगी तेवढी त्याच्या मागें राहिली. उद्यानविद्येवर ‘एलिझियम ब्रिटानिकम’ नांवाचा एक महाग्रंथ तो कित्येक दशकें लिहीत होता. तोही पुरा होईना. अशा स्थितींत, वयाच्या ७९ व्या वर्षांत, त्या महाग्रंथासाठीं जमविलेल्या सामग्रींतून त्यानें एकच विषय वेगळा काढून छापविला. तो विषय होता कोशिंबिरीचा! ज्या सालाच्या अखेरीस औरंगजेबानें साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घातला, त्याच १६९९ सालीं लंडनमध्यें ‘अ‍ॅसेटेरिया’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. तें इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर आणि रॉयल सोसायटीचा अध्यक्ष लॉर्ड सॉमर्स ह्यास अर्पण केलेलें आहे. एवढ्या थोर पुरुषास आपण पालाच भेट देत आहों, ही गोष्ट ग्रंथकारानें स्वतःच तेथें विनोदानें मान्य केली आहे.

विनोद अर्पणपत्रिकेपुरता, पुढें सगळें काम गंभीर आहे. सत्तरांहून अधिक वनस्पति वर्णानुक्रमानें घेऊन प्रत्येकीचा गुण व उपयोग त्यानें सांगितला आहे. त्यांत आपल्या ओळखीच्या पुष्कळ आहेत: मुळा, कांदा, काकडी, पुदिना, बडीशेप, अळिवाचा व मोहरीचा कोंवळा पाला, चुक्याच्या जातीचा पाला, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत आपोआप उगवणारी घोळाची भाजीसुद्धां. कोणत्या महिन्यांत कोणता पाला किती घ्यावा ह्याचें कोष्टकही आहे. लसणीस मात्र त्यानें सॅलडच्या ताटांतून हद्दपार केलें.

कृतीचे नियम तर आजही जसेच्या तसे पाळण्यासारखे आहेत. पाला नीट निवडावा; किडलेलें, वाळलेलें, डाग पडलेलें एकही पान राहूं देऊं नये. तो पाण्यांत फार वेळ बुचकळून ठेवूं नये. चाळणींत निथळून मग स्वच्छ फडक्यांत घालून झटकावा. ह्याचें कारण उघड आहे: ओल्या पानास तेल धरत नाहीं, आणि तेल धरलें नाहीं तर मीठ व आंबट सगळें तळाशीं जाऊन बसतें. तेल तीन भाग आणि शिरका किंवा लिंबाचा रस एक भाग, हें त्याचें प्रमाण. त्यांत मीठ, मोहरी, फार बारीक न कुटलेलीं मिरीं आणि उकडलेल्या अंड्यांचा बलक कुसकरून घालावा. सुरी चांदीची असावी, पोलादाची नसावी, कारण आंबटाची पोलादावर क्रिया होऊन पदार्थास धातूची चव येते. आणि वाडगा चिनी मातीचा असावा. शेवटीं सर्वांत महत्त्वाचें: कोणत्याही एका पानानें दुसऱ्यास दडपून टाकूं नये, गायनांत स्वर जसे आपापल्या जागीं बसतात, तशीं पानें बसावींत.

सॅलडच्या मध्यभागीं येण्याचें मर्म ह्या कृतींत आहे. नुसता पाला पोटांत टिकत नाहीं. तेल आणि अंड्याचा बलक आला कीं त्यास भर येते. आंबट व मीठ आलें कीं तोच पाला पुष्कळ खाववतो. मे ह्याच्या ताटांत भर पाल्याच्या शेजारीं ठेविलेली होती; एव्हलिनच्या वाडग्यांत ती पानापानास लागलेली आहे. हा फरक लहान दिसतो, परंतु पुढची सारी वाट त्यांतून निघाली.

ह्या पुस्तकांत आपल्या देशाचाही अंश आहे. मलबारच्या मिऱ्यांवांचून युरोपचें कोणतेंच ताट त्या वेळीं पुरें होत नसे, हें तर झालेंच. शिवाय परिशिष्टांत ‘काकडीचा आंबा’ अशा अर्थाची एक कृति आहे. मोठी हिरवी काकडी कोरून तींत लसणीची पाकळी घालावयाची आणि मिरीं, लवंग, जायपत्री ह्यांसह ती शिरक्यांत मुरवावयाची. हिंदुस्थानांतून जहाजांनीं जाणाऱ्या कैरीच्या लोणच्याची ही नक्कल. ताटांतून घालविलेली लसूण अशा रीतीनें बरणीच्या वाटेनें परत आली! आणि मांसावांचून मनुष्य धडधाकट जगूं शकतो, हें दाखवितांना त्यानें हिंदुस्थानांतील ब्राह्मणांचा दाखला दिला आहे. स्वतः तो शाकाहारी नव्हता; पण पाला हें दरिद्र्याचें किंवा आजाऱ्याचें अन्न नव्हे, एवढें त्यास सिद्ध करावयाचें होतें.

पुढील शतकांत ह्या कलेस द्रव्याचेंही रूप आलें. फ्रेंच राज्यक्रांतींत देशोधडीस लागलेल्या दाल्बिन्याक नांवाच्या गृहस्थाची गोष्ट ब्रिया-साव्हारँ यानें १८२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत सांगितली आहे. लंडनच्या एका खाणावळींत कांहीं तरुणांनीं त्यास सॅलड कालवून देण्याची विनंति केली आणि पांच पौंड दिले. मग बड्या घरांतून बोलावणीं येऊं लागलीं. तेलें, शिरके, सोयाचा रस वगैरेंची महोगनी लांकडाची पेटी बरोबर घेऊन तो गाडींतून घरोघर जाई. आणि ऐंशी हजारांहून अधिक फ्रँक गांठीस बांधून तो मायदेशीं परतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मॉस्को येथें ऑलिव्हिए ह्या आचाऱ्यानें पक्ष्यांचें मांस घालून केलेलें सॅलड गाजलें. सोव्हिएट काळांत त्याचेंच बटाटा, वाटाणे, अंडें व खारविलेली काकडी घातलेलें साधें रूप घरोघर झालें. पाला गेला तरी रचना तीच राहिली: भर, स्निग्धता, आंबट आणि मीठ.

आपल्या डाव्या बाजूकडे ह्या दृष्टीनें पाहिलें, तर तेथेंही पोटभर जेवणाचीं सर्व अंगें आढळतात. शेंगदाण्याचें कूट भर देतें, दहीं व फोडणी स्निग्धता आणतात, लिंबू आंबट पुरवितें. मिरची, टोमॅटो आणि भुईमूग हीं अमेरिकेंतून आलेलीं; म्हणजे आपली कोशिंबीरही काळाबरोबर बदलत व भरत आली आहे. कर्नाटकांत भिजविलेल्या मुगाच्या डाळींत काकडी व नारळ घालून कोसंबरी करतात; आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास भिजविलेली हरभऱ्याची डाळ वाटून तींत कैरी किसून घालतात. ह्या दोहोंस विस्तव लागतो तो फोडणीपुरता, आणि वाटीभर खाल्ल्यावर जेवणाची आठवण लवकर होत नाहीं. उणें आहे तें फक्त लक्ष. जी वस्तु आपण तोंडीं लावण्यापुरती मानतों, ती करतांना हात घाईनें चालतो. जिच्यावर जेवण उभें करावयाचें, तिचें पान न्‌ पान निवडलें जातें.

एव्हलिन १७०६ सालीं वारला. त्याचा महाग्रंथ अपुराच राहिला. त्याचें हस्तलिखित सुमारें ३०० वर्षांनीं, एकविसाव्या शतकाच्या आरंभीं, विद्वानांनीं संपादून छापलें. सेज कोर्टची बाग नाहींशी झाली. हातीं पुरी झालेली वस्तु म्हणून तें कोशिंबिरीचें पुस्तक मात्र त्याच्या डोळ्यांदेखत वाचकांच्या हातीं पडलें. दुःखाच्या वर्षीं ह्या वृद्धानें पानें कशीं निवडावीं आणि फडक्यांत कशीं झटकावीं हें लिहिण्यांत मन घातलें, ह्यांत लहानपणा नव्हता. घरांतील रोजचें काम नीट करणें हाही धीराचाच एक प्रकार आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरांस अपरिचित नाहीं.