यंत्राचा कारभार आणि मडक्यातली चिठ्ठी

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. माणसाने करायची पारख यंत्राकडून करून घेणे, हा त्याचा साधा अर्थ. कर्ज कोणाला द्यावे, सरकारी मदत कोणाची तपासावी, याची चाळणी कित्येक देशांत यंत्रे लावू लागली आहेत. ही चाळणी चुकली तर? हॉलंडमध्ये बालसंगोपनाच्या अनुदानावरून २०,००० हून अधिक पालकांवर लबाडीचा खोटा ठपका आला. संशयित निवडण्यात यंत्राने काढलेल्या जोखमीच्या आकड्याचाही हात होता. संसार कर्जात बुडाले आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

मग अशा यंत्रांचे नियम कोणी ठरवावेत? 'तज्ज्ञांनी,' असे तुम्ही चटकन म्हणाल. पण जरा इतिहासाकडे पाहू.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स नगरात ५०० जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. आपल्याकडे तमिळ देशी उत्तरमेरूर गावी चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, म्हणजे इ. स. ९२० च्या सुमाराचे शिलालेख आहेत. गावाचे ३० भाग, नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालायच्या आणि लहान मुलाच्या हाताने काढायच्या, असा तो नियम. मागच्या कारभाराचा हिशेब न देणारा बाद! अर्थात दोन्हीकडे स्त्रियांना जागा नव्हती. अथेन्समध्ये गुलाम आणि उत्तरमेरूरला भूमिहीन बाहेरच राहिले. ही उणीव झाकून चालणार नाही.

चिठ्ठीची ही जुनी युक्ती आपल्या काळात नव्या कामी आली. त्याआधी डेन्मार्कने एक पाऊल टाकले होते. तिथे १९८७ साली उद्योग व शेतीतील जनुक-तंत्रावर सामान्य नागरिकांची परिषद भरली. त्यांनी तज्ज्ञांना प्रश्न विचारले आणि आपला निवाडा स्वतः लिहिला. पुढे जनावरांवरील जनुक-प्रयोग सरकारी संशोधन-योजनेतून वगळले गेले. तज्ज्ञ होतेच, पण ते साक्षीदार होते, न्यायाधीश नव्हते.

आपल्याकडे २०१० मध्ये बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारीत त्या वाणाला स्थगिती मिळाली. मात्र खुल्या सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचेच ऐकू येते. चिठ्ठीने निवडलेल्यांना सवडीने ऐकता येते, विचारता येते. बेल्जियमने २०२४ मध्ये हेच केले. चिठ्ठीने निवडलेले ६० नागरिक तीन शनिवार-रविवार बसले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत युरोपने काय करावे हे त्यांनी सांगितले. तो सल्लाच होता, हुकूम नव्हे. ऐकून घ्यायचे आणि फडताळात ठेवायचे, असे झाले तर सारा खटाटोप फुकट.

यंत्र कसे चालते हे तज्ज्ञ सांगेल. पण कोणाची चूक किती सोसायची, हा हिशेब भोगणाऱ्याला विचारल्याशिवाय पुरा होत नाही. १९९३ पासून ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. लाभार्थ्यांची यादी वाचली जाईल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा : ही चाळणी कोणी लावली? कोणत्या नियमाने? आणि चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची? गुरुजींनी हेच प्रश्न वर्गात मुलांपुढे ठेवावेत. मडक्यातून चिठ्ठी काढणारा हात लहान मुलाचाच होता.