कुठले देशमुख?

परभणीहून येणारी गाडी ताडकळसच्या स्टँडवर थांबली की उतरणाऱ्या माणसाला चहाच्या टपरीवरून कुणीतरी न्याहाळत असतोच. ओळखीचा असेल तर रामराम होतो. अनोळखी असेल तर तो नाव विचारतो. मी नाव सांगतो आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो, "कुठले देशमुख?" गेली साठ वर्षे मी हा प्रश्न ऐकत आलो आहे. ह्या प्रश्नाला उत्तरे दोन. एक गावाचे, ते मी देतो. दुसरे जातीचे, विचारणाऱ्याला खरे म्हणजे तेच हवे असते, आणि तेवढे मी देत नाही. मग तो माझ्या बोलण्याच्या धाटणीवरून, गळ्यात माळ आहे की नाही ह्यावरून, चहाला हो म्हणतो की नाही ह्यावरूनसुद्धा अंदाज बांधू लागतो. दुसऱ्या पुष्कळ आडनावांच्या बाबतीत एवढा त्रास पडत नाही. आडनाव ऐकले की विचारणाऱ्याचे काम भागते. देशमुखांच्या बाबतीत ते भागत नाही, आणि ह्या न भागण्यातच चारशे वर्षांचा इतिहास आहे, असे माझे मत होत चालले आहे.

त्या इतिहासाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. मी शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर एका स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. ओळख करून देणाऱ्या तरुण शिक्षकाने उत्साहाच्या भरात सांगून टाकले की, ज्या थोर घराण्याने महाराष्ट्राला लोकहितवादी दिले, चिंतामणराव दिले, पंजाबराव दिले आणि आपल्या शेजारच्या कडोळीचे नानाजी दिले, त्याच घराण्यातले आजचे पाहुणे आहेत. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसलो. त्या चौघांचे घराणे एक असते तर हिंदुस्थानातला जातिभेद केव्हाच मिटला असता!

लोकहितवादींचेच पाहा. गोपाळ हरी देशमुख १८२३ साली पुण्यास जन्मले. ते चित्पावन ब्राह्मण, मूळ आडनाव सिद्धये. घराण्याकडे देशमुखीचे वतन आले आणि सिद्धये मागे पडून देशमुख पुढे झाले. चिंतामणराव १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्मले, ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. पंजाबराव वऱ्हाडातल्या पापळचे, जन्म १८९८ चा. कुणबी शेतकऱ्याच्या घरातले आणि मूळ आडनाव कदम. नानाजी १९१६ साली कडोळीस जन्मले. कडोळी तेव्हा आमच्या परभणी जिल्ह्यात होती, १९९९ पासून हिंगोलीत गेली. त्यांचे घर ब्राह्मणाचे आणि इतके गरीब की, शाळेच्या फीसाठी पोराने भाजी विकली. ह्या ओळीत बाभळगावच्या विलासरावांना बसवा, म्हणजे मराठाही आला. कोकणात आणि वऱ्हाडात मुसलमान देशमुख आहेत. तेलंगणात रेड्डी देशमुख होते. आणि दुर्गाबाई देशमुख तर जन्माने राजमहेंद्रीच्या तेलुगू. १९५३ साली चिंतामणरावांशी विवाह झाल्यावर त्या देशमुख झाल्या.

रक्ताने ह्या माणसांना जोडणारे काहीच नाही. जोडते ती एक खुर्ची. आणि ती खुर्चीसुद्धा त्यांच्यापैकी कुणाच्याही वाट्याला बसण्याजोगी उरलेली नव्हती.

ती खुर्ची काय होती हे नव्या वाचकाला सांगितले पाहिजे. गावाचा प्रमुख पाटील आणि त्याचा लेखनिक कुलकर्णी. अशी पुष्कळ गावे मिळून परगणा. परगण्याचा प्रमुख तो देशमुख आणि त्याचा लेखनिक देशपांडे. येथे देश म्हणजे हा परगणाच, सगळा मुलूख नव्हे. राजा कोणीही असो, बहामनी, निजामशाही, मोगल, मराठे, त्याला वसूल हवा असे आणि तो गावोगावच्या पाटलांकडून काढून देण्याचे काम देशमुखाचे. त्याबद्दल वसुलातला ठरलेला हिस्सा, इनाम जमीन आणि वर गावोगावचे हक्क: तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, सणावारी पहिला मान. हे सारे वंशपरंपरेने चाले. इतकेच नव्हे, तर ते वाटून घेता येई, गहाण टाकता येई, विकताही येई. ज्याला ते मिळे तो देशमुख. जात कोणती ह्याची अडचण नव्हती.

आणि वतन असले म्हणजे आडनाव बदललेच पाहिजे असेही नव्हते. सिंदखेडचे लखुजी जाधव देशमुख होते, पण जिजाबाईंचे माहेर आपण जाधवांचेच म्हणतो. मावळातले जेधे, बांदल, खोपडे हे सगळे देशमुख. कुणी आपले कुळनाव सोडले नाही. आमच्या मराठवाड्यातली रायबागन माहूरची देशमुखीण. मोगलांच्या बाजूने ती १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांसमोर उभी राहिली. तिला कुणी आडनावाने ओळखत नाही. म्हणजे काही घरांनी हुद्दा बाजूला ठेवून कुळनाव जपले, काहींनी कुळनाव टाकून हुद्दा अंगाला लावून घेतला. माझा समज असा की, ज्यांना कुळाचा दरारा पुरेसा होता त्यांनी पहिले केले. पण हा केवळ तर्क. त्याला पुरावा मागू नये.

विलायतेतही असे झालेले आहे. वेल्समध्ये बापाचे नाव हेच पोराचे आडनाव. 'अप हॉवेल' म्हणजे हॉवेलचा मुलगा, त्याचे पुढे पॉवेल झाले. ह्या पॉवेलांचाही एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, कारण हॉवेल गावोगाव होते. पण स्कॉटलंडच्या राजांचे कारभारी, ज्यांना स्ट्यूअर्ड म्हणत, त्यांचा हुद्दाच घराण्याचे नाव बनला, आणि १३७१ साली त्याच घराण्यातला एक जण राजा झाला. आमच्या देशमुखांपैकी पुष्कळांना तीच स्वप्ने पडत असावीत. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हणून ठेवले आहे, म्हणजे वाटणी मागणारे भाऊबंद. ते उगीच नव्हे. परगण्यात गढी, गढीत शिबंदी, आणि नवा राजा आला की त्याच्याशी नवा करार. महाराजांनी गढ्या पाडून ह्या मंडळींना जरबेत आणले, असे सभासदाची बखर सांगते.

१६५९ साली अफझलखान वाईस उतरला तेव्हा मावळच्या देशमुखांना त्याची फर्माने सुटली. उत्रोळीचा खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. कान्होजी जेधे पाचही मुलांना घेऊन महाराजांकडे गेला आणि आपल्या वतनावर त्याने पाणी सोडले. दोघेही देशमुख, दोघांची गावे जवळजवळ. खंडोजीला पुढे एक हात व एक पाय तोडण्याची शिक्षा झाली, आणि त्याचा जीव तरी वाचावा म्हणून रदबदली केली ती कान्होजीनेच. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग मी शिकवीत असे तेव्हा पोरे खोपड्यावर चिडत. मला मात्र कान्होजीची ती रदबदली जास्त आठवत राही. वतन सोडणे किती अवघड असते ते सोडणाऱ्यालाच पक्के कळले असावे.

आमच्याकडे निजामाचे राज्य. सालारजंग पहिले दिवाण असताना १८६५ साली जिल्हाबंदी झाली, तालुकदार नेमले गेले आणि वसुलाचे काम सरकारने आपल्या हाती घेतले. देशमुख-देशपांड्यांना बसल्या जागी रोख रुसूम मिळू लागले. काम गेले, पैसा राहिला. माझ्या मते मराठवाड्यातल्या देशमुखीचा नाश ह्या मेहेरबानीने झाला. जोवर काम होते तोवर परगणा हिंडावा लागे, पिके पाहावी लागत, रयतेशी बरेवाईट बोलावे लागे. पुढे नुसते पानदान आणि लोड राहिले. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी थोड्याफार फरकाने तेच केले, आणि तिथली परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली. आमच्या बाजूला १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर जुनी व्यवस्था पाहता पाहता विरून गेली. त्याआधी तेलंगणात जे झाले ते मात्र विसरण्याजोगे नाही. विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी ह्यांच्या जुलमाविरुद्ध रयत उठली, १९४६ च्या जुलैत कडवेंडीस दोड्डी कोमरय्या गोळीने मारला गेला आणि त्यातून सशस्त्र लढा पेटला. पालकुर्तीची चाकली ऐलम्मा ह्याच देशमुखाशी आपल्या पिकासाठी झगडली. त्या पाळकाला किंवा त्या धोबिणीच्या नातवाला देशमुख हे नाव सांगा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. स्नेहसंमेलनातल्या टाळ्या तिथे पडणार नाहीत.

खुर्ची मोडल्यावर नाव मोकळे झाले, आणि मग त्या नावाची माणसे काय करू शकली ते पाहण्यासारखे आहे. लोकहितवादी ह्यात सर्वांत आधीचे. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात त्यांनी जी शतपत्रे लिहिली त्यांत ऐतखाऊपणावर असे कोरडे ओढले आहेत की वाटावे, माणूस आपल्याच आडनावाशी भांडतो आहे. पंजाबरावांनी वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून विलायतेतून पदवी आणली, आणि येऊन केले काय, तर १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना उघडावे म्हणून सत्याग्रहात पुढे झाले. मग शिक्षणसंस्था काढून कुणब्यांच्या पोरांना वसतिगृहांत आणून बसवले आणि १९५२ नंतर दहा वर्षे देशाचे शेतीखाते सांभाळले. ज्या नावाने शेतकऱ्याकडून वसूल काढला त्या नावाने त्याच्या पोराची फी भरली, हा न्याय मला फार आवडतो.

चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. परगण्याचा हिशेब देशपांड्यावर सोपवणाऱ्यांच्या नावाचा माणूस सगळ्या देशाचा हिशेब ठेवीत बसला! पुढे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ती खुर्ची सोडली. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा संस्कृतज्ञ. राजीनाम्याची भाषा मात्र अगदी रोखठोक. नानाजींशी राजकारणात माझे कधी जमले नसते. पण १९७७ साली लोकसभेवर निवडून आलेला माणूस पुढच्याच वर्षी, साठी उलटली एवढ्या कारणाने, राजकारण सोडतो आणि गोंड्याच्या, मग चित्रकूटच्या खेड्यांत जाऊन राहतो, हे आमच्या जिल्ह्याने तरी विसरू नये. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी कितीजण कडोळीस गेले होते, कोण जाणे.

आता माझ्या घरचे. ताडकळसला आमची देशमुखी कधीच नव्हती. आजोबा दुसऱ्या तालुक्यातून इथे आले ते थोडी कोरडवाहू जमीन घेऊन. बरोबर एक लोखंडी पेटी आणि हे आडनाव. आडनावाने पेटीपेक्षा जास्त काम केले. पारावर त्यांना बसायला पुढची जागा मिळे, पोळ्याला त्यांच्या बैलांना वाट मिळे. आजोबांनी ते सगळे घेतले. कुणीही घेतले असते.

आमच्या शेतावर एक सालगडी होता. वडिलांच्या वेळेपासूनचा, पुढे म्हातारपणी नुसता येऊन ओट्यावर बसायचा. एकदा बोलता बोलता सहज म्हणाला, "गुर्जी, तुमच्या आज्याम्होरून जाताना मह्या बापानं कधी पायात जोडा ठेवला न्हाई. काढून हातात घ्यायचा." मी म्हणालो, "अरे, पण आम्ही इथले देशमुख नव्हतोच." तो म्हणाला, "त्यानं कुठं इचारलं, कुठले देशमुख म्हनून?"

स्टँडवर साठ वर्षे ज्या प्रश्नाचा मला वैताग आला तो विचारण्याची मुभा ह्याच्या बापाला नव्हती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. तळाशी मोडीतले कागद होते. मला मोडी जेमतेम येते, म्हणून कागद जाणकाराकडे नेऊन वाचून घेतले. बहुतेक रुसुमाच्या पावत्या आणि भावाभावांच्या तक्रारी. आठव्या हिश्श्याचाही निम्मा हिस्सा कोणाचा, ह्यावर दोन पिढ्या भांडलेल्या. एक कागद मात्र जुना, खरेदीखताचा. आमच्या कुणा पूर्वजाने देशमुखीतला एक हिस्सा कर्जात बुडालेल्या दुसऱ्या घराण्याकडून रोख रक्कम मोजून विकत घेतला होता. खाली त्याचे मूळ आडनाव स्वच्छ लिहिले आहे. ते मी इथे देत नाही; दिले तर स्टँडवरच्या त्या माणसाचे काम भागेल.

घरात मुलांना सांगितले. थोरला म्हणाला, "दादा, आता पासपोर्टवर देशमुखच आहे, राहू द्या." ते बरोबरच. सून हसली. नातीने विचारले, केवढ्याला घेतले होते? मी आकडा सांगितला, तर ती म्हणाली, स्वस्त पडले.

मग मी ओट्यावर गेलो. म्हातारा उन्हात तंबाखू मळत बसला होता. त्यालाही सगळे सांगितले, कारण सांगायला हवे असे वाटले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. नंतर म्हणाला, "म्हंजे तुमचं इकत घेतलेलं व्हतं?"

"हो."

"मंग बाप उगाच अनवाणी चालला म्हना," असे म्हणून त्याने चिमूट दाढेखाली धरली आणि ह्या वर्षी कापसाला काय भाव निघेल ते मला विचारू लागला.