यंत्राची निगा आणि माणसाचा जीव

तापी नदी सागराला मिळते तेथे, सुरत शहराच्या पश्चिमेस, हजीरा हे गाव आहे. त्याच्या उत्तरेस काही अंतरावर सुवालीचा किनारा लागतो. इतिहासाच्या वाचकांना हे नाव परिचित असेल. कारण १६१२ साली टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाच्या जहाजांनी याच पाण्यात पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली, आणि त्यानंतर सुरतेस इंग्रजांच्या वखारीचे बस्तान बसले. सुवालीला बाहेरच्या अंगास वाळूचा लांब दांडा होता आणि त्याच्या आत खोल पाण्याचा पट्टा. त्यामुळे जहाजांना तेथे आसरा मिळे. तापीच्या मुखाशी मात्र गाळ साचलेला. मोठी जहाजे शहरापर्यंत पोहोचू शकत नसत. त्यांचा माल लहान होड्यांतून आणि गाड्यांतून सुरतेस न्यावा लागे. पुढे व्यापाराचे केंद्र मुंबईकडे सरकले. त्याची राजकीय कारणे अनेक होती, पण मुंबईच्या खोल, सुरक्षित बंदरापुढे तापीचे उथळ मुख टिकाव धरणे कठीणच होते. नदी जो गाळ रात्रंदिवस आणून टाकते, तो उपसण्याचे सामर्थ्य त्या काळच्या माणसाच्या हातात नव्हते.

आज त्याच हजीऱ्याच्या किनाऱ्यावर प्रचंड जहाजे येतात. २००५ साली येथे द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याचे ठाणे सुरू झाले; त्यानंतर मालवाहू जहाजांसाठी धक्के उभे राहिले. किनारा तोच, भरती-ओहोटी तीच. फरक पडला तो यंत्राने. पाण्याखालचा तळ खरवडून काढणारी गाळउपसणी यंत्रे आता वाट खोल राखतात. आणि याच सुरत जिल्ह्यात, किनाऱ्यापासून आत मांगरोळ तालुक्यात, वस्तान येथे जमिनीचे पोट उघडून लिग्नाइट हा तपकिरी कोळसा काढला जातो व जवळच्या नानी नरोली येथील वीजकेंद्रात जाळला जातो. पाण्यातील यंत्र आणि खाणीतील यंत्र ही एकाच कुळातील भावंडे होत. दोघांचेही काम एकच : माणसाच्या पाठीवरचे ओझे आपल्या लोखंडी हातावर घेणे. पण हे ओझे घेताना त्यांनी माणसाच्या जिवाची जोखीमही घेतली काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या कुळाचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून थोडा अधिक जुना आहे. १८३९ साली अमेरिकेतील विल्यम ओटिस या तरुण अभियंत्याने वाफेवर चालणाऱ्या फावड्याचे पेटंट घेतले. रेल्वेच्या रुळांवर उभे असलेले हे यंत्र डोंगराच्या अंगात आपली लोखंडी बादली खुपसून ती वर उचली आणि वळून गाडीत रिती करी. ओटिसला आपल्या यंत्राचे यश पाहायला मिळाले नाही. त्याच वर्षी तो वारला. यंत्रही काही दशके मागेच पडले, कारण स्थलांतरित मजुरांची पाठ यंत्राहून स्वस्त होती. सुएझच्या कालव्याचीही हीच कथा. आरंभीची वर्षे तो इजिप्तच्या शेतकऱ्यांच्या वेठबिगारीने खणला गेला. १८६४च्या सुमारास वेठ बंद पडली, तेव्हाच वाफेची गाळउपसणी यंत्रे मोठ्या संख्येने आली, आणि १८६९च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला. मजूर सहज मिळेनासा झाल्यावरच यंत्राची आठवण व्हावी, ही गोष्ट मानवजातीला फारशी भूषणावह नाही.

यंत्राची खरी परीक्षा झाली ती पनामाच्या कालव्यावर. १९०४ साली अमेरिकेने हे काम हाती घेतले, तेव्हा कुलेब्रा नावाच्या डोंगरातून वाट काढण्यासाठी वाफेची अनेक फावडी लावण्यात आली. दिवसभर ही यंत्रे खडक उचलीत. काम थांबले म्हणजे रात्री दुसरीच फौज त्या दरीत उतरे. कोळसा भरणारे, वंगण घालणारे, झिजलेले दात बदलणारे, सैल झालेले बोल्ट आवळणारे ते कामगार होते. २० मे १९१३ रोजी दोन बाजूंनी खणत आलेली दोन फावडी डोंगराच्या तळाशी समोरासमोर आली, त्या क्षणाची छायाचित्रे जगभर गेली. रात्री दिवा घेऊन यंत्राभोवती फिरणाऱ्या त्या दुरुस्तीवाल्यांची छायाचित्रे कोणी जपली नाहीत. तरीही त्या यशातील अर्धा वाटा त्यांचा होता.

त्याच दरीने दुसराही धडा दिला. तेथील कडे पुनःपुन्हा खचले. रूळ आणि यंत्रे मातीखाली गेली. १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पो येथे खडक फोडण्यासाठी भरलेली सुरुंगाची दारू वेळेपूर्वीच उडाली आणि २३ माणसे ठार झाली. अर्थात, यंत्राने संकट नाहीसे केले नाही. त्याने ते एके ठिकाणी गोळा केले. पूर्वी एका कुदळीच्या चुकीने एका माणसाचा पाय जाई. आता एका यंत्राच्या चुकीने साऱ्या पाळीचा जीव जाऊ लागला.

महाराष्ट्राला खाणीची ओळख नवी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ साली सुरू झाली व १९०६ पर्यंत चालली. तिथे कुदळ, पहार आणि पाटी हीच हत्यारे. देशातील खाणींसाठी पहिला कायदा १९०१ साली झाला. पुढल्या वर्षी कलकत्त्यास खाणींच्या तपासणीचे कार्यालय निघाले, आणि १९०८ साली ते धनबादला गेले. स्वातंत्र्यानंतर १९५२चा खाण कायदा आला. त्याच्या आधाराने १९५७ साली कोळशाच्या खाणींचे आणि १९६१ साली धातूंच्या खाणींचे नियम झाले. १९६६ साली कामगारांना कामावर घेण्यापूर्वी प्रशिक्षण देण्याचे नियमही आले. या तारखांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. याच काळात आपल्या देशात अवजड खोदयंत्रे येऊ लागली होती.

तमिळनाडूतील नेवेली येथे १९५७ साली लिग्नाइटसाठी खोदाईस प्रारंभ झाला. तेथे जर्मन बनावटीची चक्री यंत्रे आणली गेली. मोठ्या चाकाच्या परिघावर बादल्या बसवलेल्या, आणि चाक फिरेल तशी माती खरवडली जाई. पण कोळशावरचा वालुकाश्म इतका कठीण आणि इतका खरखरीत निघाला की बादल्यांचे पोलादी दात भराभर झिजू लागले. परदेशी मातीत उत्तम चाललेले यंत्र येथील दगडापुढे हतबल झाले. शेवटी आधी सुरुंग लावून खडक सैल करण्याची रीत घालावी लागली. यंत्र विकत घेता येते, त्याची निगा मात्र ज्या मातीत ते चालते त्या मातीकडूनच शिकावी लागते, हे नेवेलीने दाखवून दिले.

१९५८च्या अखेरीस रांचीला अवजड यंत्रांचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे विजेची खोदफावडी बनू लागली. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात उमरेड, दुर्गापूर, सास्ती अशा उघड्या खाणी विस्तारल्या. गोव्यात लोहखनिजाच्या तांबड्या डोंगरांवर यंत्रांची घरघर सुरू झाली. त्याच सुमारास जगात आणखी एक बदल घडत होता. दोराने ओढली जाणारी बादली मागे पडून तेलाच्या दाबावर हलणारा हात पुढे येत होता. फ्रान्समधील पोकलेन या कंपनीने १९६१ साली पूर्ण वर्तुळात फिरणारे असे यंत्र बाजारात आणले. भारतात त्या जातीची यंत्रे लार्सन अँड टुब्रो या कंपनीने पोकलेनच्या सहकार्याने बनवली. १९३८ साली मुंबईत होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापलेली ही कंपनी. तिचा अवजड सामग्रीचा विस्तीर्ण कारखाना आज हजीऱ्यालाच आहे. महाराष्ट्राच्या खेडोपाडी आज कोणतेही खोदयंत्र दिसले तरी लोक त्याला ‘पोकलेन’च म्हणतात. एका फ्रेंच कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले, यावरून या यंत्राचा प्रसार किती झाला ते कळते. पण नाव जितके पसरले तितके त्याच्या वापराचे ज्ञान पसरले आहे काय?

हे ज्ञान फार गूढ नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी चालकाने यंत्राभोवती एक फेरी घालावी, हा त्याचा पहिला पाठ. तेल कोठे गळते काय, नळी फुगली आहे काय, साखळीपट्टा सैल आहे काय, बादलीचा दात निखळला आहे काय, पोलादी दोराच्या तारा तुटून बाहेर आल्या आहेत काय, हे डोळ्यांनी पाहावे. ब्रेक आणि भोंगा चालवून पाहावा. दोष आढळला तर तो नोंदवहीत लिहावा, आणि तो दुरुस्त होईतो यंत्र चालवू नये. तेलाच्या दाबाचे यंत्र वरून शांत दिसते. परंतु सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते आणि पुढे हात तोडण्याची पाळी येते. म्हणून गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून पाहावी. विजेच्या फावड्याची केबल जमिनीवरून फरफटत जाते आणि तिच्यातून हजारो व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. तिच्यावरून डंपर जाऊ देणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण देणे होय.

दुसरा पाठ यंत्र थांबवण्याचा. बहुतेकांची समजूत अशी असते की धोका यंत्र चालू असताना असतो. वास्तविक, दुरुस्तीसाठी थांबलेले यंत्र कित्येकदा अधिक घातक ठरते. उचललेली बादली, वर केलेला डंपरचा हौदा आणि नळ्यांत कोंडलेला दाब ही सारी इंजिन बंद झाल्यावरही शिल्लक राहिलेली शक्ती आहे. म्हणून बादली जमिनीला टेकवावी, दाब सोडावा, हौद्याखाली जाण्यापूर्वी त्याला भक्कम टेकू द्यावा, मुख्य कळ बंद करून तिला कुलूप लावावे, आणि त्या कुलपाची किल्ली यंत्राखाली काम करणाऱ्या माणसाच्याच खिशात असावी. ही एक किल्ली खिशात नसल्यामुळे जगभर किती संसार उघड्यावर पडले असतील!

तिसरा पाठ यंत्राच्या परिसराचा. खोदयंत्र गर्रकन वळते तेव्हा त्याचा मागचा वजनी भाग कोणालाही चिरडू शकतो. त्या वर्तुळात कोणी उभे राहू नये. उंच डंपरच्या चालकाला आपल्या चाकाजवळचा माणूस दिसतच नाही. मागे जाताना भोंगा वाजला पाहिजे आणि इशारा देणारा माणूस चालकाला दिसला पाहिजे. खाणीतील रस्त्याला बेताचाच चढ असावा, त्याच्या कडेला मातीचा भक्कम बांध असावा, आणि खाणीची भिंत सरळ कड्यासारखी न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावी. पायरी यंत्राच्या हाताच्या टप्प्याबाहेर उंच असेल तर वरचा दगड एके दिवशी चालकाच्या डोक्यावर येणारच. पावसाळ्यात तर हे सारे दुपटीने पाळावे लागते, कारण पाणी मुरलेली माती आगाऊ सूचना देत नाही.

यंत्रे आता फार मोठी झाली आहेत. सिंगरौलीच्या कोळसाक्षेत्रातील ड्रॅगलाइन यंत्राची बादली एका खेपेस २४ घनमीटर माती उचलते आणि तिचा बाहू ९६ मीटर लांब आहे. तरीही २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल येथील उघड्या खाणीत मातीचा प्रचंड भाग खचला, तेव्हा ही असली पोलादी यंत्रेही खेळण्यांसारखी गाडली गेली आणि त्यांच्याबरोबर २३ कामगार मृत्यू पावले. पनामातील बास ओबिस्पोच्या दुर्घटनेला तेव्हा १०८ वर्षे झाली होती. कारणे निराळी होती. मृतांचा आकडा मात्र तोच. शतकभरात यंत्राचे बळ अनेक पटींनी वाढले, पण कडा तडकत आहे हे पाहून माणसांना वेळीच मागे घेण्याचे काम यंत्र आपण होऊन करीत नाही. ते पाहणारा डोळा आणि ‘थांबा’ म्हणणारी जीभ अजूनही माणसाचीच लागते.

येथेच खरी अडचण आहे. ‘थांबा’ म्हटल्याने त्या दिवसाचे उत्पादन कमी भरते. तासभर तपासणीत घालवलेला वेळ हिशेबाच्या वहीत तोटा म्हणून दिसतो. टळलेला अपघात मात्र कोणत्याच वहीत जमा होत नाही. म्हणून निगा राखणारा कामगार नेहमीच अप्रसिद्ध राहतो आणि त्याला घाई करणारा अधिकारी कर्तबगार ठरतो. कायद्याने अधिकार दिलेले असतात; परंतु साध्या फिटरने आपल्या वरिष्ठाला ‘हे यंत्र आज चालणार नाही’ असे निर्भयपणे सांगावे आणि वरिष्ठाने ते मानावे, ही रीत कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. ती प्रत्येक खाणीत, प्रत्येक कारखान्यात घडवावी लागते. जेथे ती घडली तेथेच यंत्र माणसाचे झाले.

हजीऱ्याच्या किनाऱ्यावर तापी आजही गाळ आणून टाकीत आहे. एकदा उपसला म्हणून तो संपत नाही. वाट खोल ठेवायची तर उपसणी चालूच ठेवावी लागते. यंत्राच्या निगेचेही तसेच आहे. झीज रोज होते, सैलपणा रोज येतो आणि बेफिकिरीचा गाळ रोज साचतो. तो रोजच्या रोज काढावा लागतो. चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर माणसाचा हात अपुरा पडत होता. आज त्याच्यापाशी डोंगर हलविणारा हात आहे. त्या हाताला डोळा देण्याचे काम मात्र त्याला स्वतःलाच करायचे आहे.