बादशहाला नाही म्हणणारे काझी

औरंगजेबाचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोनच बाजू उरतात. एक त्याची कबर उखडायला निघते, दुसरी त्याच्या टोप्या शिवण्याचे आणि कुरआन लिहिण्याचे किस्से सांगत बसते. या गदारोळात त्याच काळातल्या एका माणसाचं नाव कुणीच घेत नाही. खरं तर ते नाव आपण मुसलमानांनी आवर्जून घ्यायला हवं. शेख-उल-इस्लाम (ही इथे पदवी नाही, नावच आहे) हे औरंगजेबाच्या सल्तनतीचे मुख्य काझी होते. पण त्यांच्याविषयी सांगायचं तर आधी त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते.

१६५८ साली सामूगढच्या लढाईत दारा शुकोह हरला आणि शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात नजरकैदेत गेला. तख्त औरंगजेबाच्या हाती आलं, पण एक अडचण उरली. नव्या बादशहाच्या नावाने खुतबा पढला गेल्याशिवाय त्याच्या राज्याला मान्यता नव्हती. तेव्हाच्या मुख्य काझीने नकार दिला. बाप हयात असताना मुलाच्या नावाने खुतबा पढणं शरियतला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मार्ग काढला गुजरातच्या अब्दुल वहाब यांनी. शहाजहान आजारी आहे, राज्यकारभार चालवण्याची ताकद त्याच्यात उरलेली नाही, सबब औरंगजेबाची गादी वैध आहे, असा युक्तिवाद त्यांनी मांडला. खुतबा पढला गेला आणि अब्दुल वहाब मुख्य काझी झाले. ज्याला ‘असमर्थ’ ठरवलं तो शहाजहान पुढे १६६६च्या जानेवारीपर्यंत जगला.

सत्तेने न्याय कसा वापरला याचं सर्वात बोचरं उदाहरण मला मुरादबख्शच्या खटल्यात दिसतं. धाकटा भाऊ मुराद हा वारसायुद्धात औरंगजेबाच्या बाजूने लढला होता. काम झाल्यावर त्याला पकडून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकण्यात आलं. त्याला नुसतं मारणं बरं दिसलं नसतं. म्हणून एक जुनं प्रकरण उकरून काढलं गेलं. गुजरातचा सुभेदार असताना मुरादने आपला दिवाण अली नकी याला ठार केलं होतं. गुन्हा खराच होता, त्याबद्दल वाद नाही. अली नकीच्या मुलांना खुनाचा दावा लावायला सांगण्यात आलं. थोरल्याने नकार दिला, धाकटा तयार झाला. काझीसमोर खटला चालला आणि डिसेंबर १६६१मध्ये मुरादचं डोकं उडवण्यात आलं.

इथे फिकहचा एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. किसास, म्हणजे खुनाबद्दल जीव मागण्याचा हक्क, हा मृताच्या वारसांचा असतो. हनफी मतानुसार एकाही वारसाने माफ केलं तर जिवाच्या बदल्यात जीव घेता येत नाही. बाकीच्यांना खुनाची भरपाई मिळते. मग थोरल्याच्या नकाराचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न कुठल्याही प्रामाणिक काझीला पडायला हवा होता. खाफीखान लिहितो की दावा न करणाऱ्या त्या थोरल्या मुलाला बादशहाने नंतर बक्षीस दिलं! म्हणजे भावाचं मुंडकंही मिळालं आणि दयाळूपणाचा देखावाही झाला. कागदावर सारं कायदेशीर होतं.

अब्दुल वहाब सुमारे सोळा वर्षं पदावर राहिले. इतका दरारा दुसऱ्या कुठल्या काझीच्या वाट्याला क्वचितच आला असेल. खुद्द उमराव त्यांना वचकून असत. त्यांनी लाच घेतली, आतून व्यापार केला, १६७५मध्ये वारले तेव्हा लाखो रुपये आणि जडजवाहीर मागे ठेवलं. महाबतखान या सरदाराचा एक टोमणा इतिहासात नोंदलेला आहे. शिवाजी महाराजांवर फौज पाठवण्याचा विषय निघाला, तेव्हा त्याने बादशहाला ऐकवलं की फौजेची गरज काय, काझींचा एक फतवा पुरेसा आहे. दरबारातल्या माणसालाच हे दिसत होतं. बादशहाला दिसत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. ज्याने आपल्याला गादी मिळवून दिली त्याचा हिशेब कोण मागणार?

आणि हे सगळं अशा राज्यात, जिथे बादशहावरही दावा लावता येईल अशी सोय केलेली होती. औरंगजेबाने फर्मान काढून शरई वकील नेमले. सरकारविरुद्ध ज्याचा कुणाचा दावा असेल त्याने त्यांच्यापुढे यावं, असा तो हुकूम होता. औरंगजेबाची बाजू घेणारे हा दाखला हमखास देतात. तो खराही आहे. सामान्य रयतेचं पैशाचं येणं त्यातून वसूल झालं असेल तर चांगलंच झालं. पण त्या दाव्याचा निकाल देणाऱ्या काझीची नेमणूक, पगार आणि बडतर्फी कुणाच्या हातात होती? नियम नव्हते असं नाही. नियम राबवणारा मोकळा नव्हता.

अब्दुल वहाब यांच्या पश्चात त्यांचे पुत्र शेख-उल-इस्लाम मुख्य काझी झाले. बापाच्या इस्टेटीतला आपला वाटा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही, खैरातीत वाटून टाकला. त्यानंतर काही वर्षांनी औरंगजेब दख्खनमध्ये उतरला. विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही त्याला संपवायची होती. ती दोन्ही मुसलमानांची राज्यं होती. या लढाया शरियतने वैध आहेत का, असं त्याने काझींना विचारलं.

विचारलं यातच गोम आहे. फौज त्याची, तोफा त्याच्या. परवानगीवाचून त्याचं काही अडलं नसतं. त्याला सही हवी होती. पंचवीस वर्षांपूर्वी बापाने दिली, आता मुलाने द्यावी. शेख-उल-इस्लाम यांनी सांगितलं, वैध नाही. पद सोडलं आणि ते हजला निघून गेले. परतल्यावर बादशहाने पुन्हा बोलावलं, तरी त्यांनी ते पद घेतलं नाही.

त्यांचा आक्षेप मुसलमान राज्यांवरच्या चढाईपुरता होता, ही गोष्ट झाकून ठेवण्याचं कारण नाही. त्यांना आजच्या अर्थाने सेक्युलर ठरवण्याचा अट्टहास मी करणार नाही. ज्या कायद्याची त्यांनी शपथ घेतली होती, तो बादशहासाठी वाकवला नाही, इतकंच. पण हे ‘इतकंच’ त्या दरबारात फार थोड्यांना जमलं.

मराठी वाचकाला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवतील, आणि आठवायलाच हवेत. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्रींनी चौकशी केली आणि पेशवा होऊन बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितलं. नंतर त्यांनी पुणं सोडलं. धर्म वेगळा, शतक वेगळं, पण दोघांकडे हत्यार एकच होतं: निघून जाणं. आपण या निघून जाण्याचे पोवाडे गातो, पण त्यातली हतबलता पाहत नाही. राघोबादादांना ती शिक्षा कधीच झाली नाही. १७७५मध्ये ते सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले.

स्वतंत्र भारताने न्यायाधीशाला यापेक्षा जास्त संरक्षण दिलं, असं आपण म्हणतो. ते खरंही आहे. सहजासहजी त्याला काढता येत नाही. तरी १९७६मध्ये, आणीबाणीतही नागरिकाचा जगण्याचा हक्क कोर्टात मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी म्हटलं. जानेवारी १९७७मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. खन्नांनी काय केलं? राजीनामा दिला.

इकडे दख्खनमध्ये बादशहाचं काम काही थांबलं नाही. शेख-उल-इस्लाम यांच्या जागी अब्दुल वहाब यांचेच जावई सय्यद अबू सईद आले. सप्टेंबर १६८६मध्ये विजापूर पडलं. गोवळकोंडा मात्र महिनोन् महिने दाद देईना. सुरुंग फसले, छावणीत अन्नाची टंचाई झाली. शेवटी सप्टेंबर १६८७मध्ये आतल्या एका सरदाराने पैसे घेऊन रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडला.