पनवेल आणि वाहनांतील फेरबदल : बैलगाडीच्या चाकापासून मोटरसायकलच्या कवचापर्यंत

वाहनांचा इतिहास लिहिताना ते कोणी निर्माण केले, ह्याचाच विचार आपण बहुधा करतो. ते ज्याच्या हाती गेले त्याने पुढे त्याचे काय केले, ह्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक कोणतेही वाहन कारखान्यातून किंवा सुताराच्या मांडवातून बाहेर पडते तेव्हा त्याचे अर्धेच आयुष्य घडलेले असते. उरलेले अर्धे मालकाची गरज, हौस आणि ऐपत घडविते. आज तरुण लोक मोटरसायकलला वातरोधक कवच, निराळे हँडल, जादा दिवे किंवा सामानाच्या पेट्या बसवून घेतात. ह्या व्यवहारास अलीकडचे एक खूळ समजण्याची पद्धत आहे. तो खूळ नसून एका जुन्या परंपरेचा शेवटचा दुवा आहे, आणि त्या परंपरेतील एका महत्त्वाच्या भेदाचे भान आपल्या कायद्याने गमावले आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

ह्या विचारासाठी पनवेल हे स्थळ विशेष सोयीचे आहे. घाटमाथ्यावरून बोरघाटाने उतरलेला माल पनवेलच्या खाडीत नावांवर चढे आणि मुंबईस जाई. १८३० साली बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांस खुला झाला, तेव्हा बैलांच्या पाठीवरून होणारी वाहतूक गाडीवर आली आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या ह्या बंदराला गाडीच्या धंद्याचे महत्त्व प्राप्त झाले. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत पनवेलचा उल्लेख गाडीची चाके बनविणारे गाव म्हणून येतो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतमार्गे गेल्यामुळे पनवेल बाजूस राहिले आणि त्याच्या बंदराची सद्दी ओसरली. पनवेलला रेल्वे पोचली ती थेट १९६४ साली, दिवा-पनवेल मार्गाने. रस्ता मात्र ह्या गावाला कधीच सोडून गेला नाही.

गाव गाड्यांपेक्षा चाकांसाठी नावाजले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांना धरणारे पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव, असे हे चाक म्हणजे गाडीचा सर्वांत अवघड भाग होय. धाव तापून फुगलेली असतानाच चढवावयाची आणि पाणी ओतून आवळून घ्यावयाची. तीत थोडी चूक झाली तरी चाक घाटात दगा देणार. म्हणून चाक जाणत्या कारागिराकडून घ्यावे आणि साटा, टप, बसण्याची सोय मात्र आपल्या कामाप्रमाणे करून घ्यावी, हे स्वाभाविक होते. त्याच काळात, १८३० नंतरच्या दशकात, सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे गेसफर्ड ह्या लष्करी अधिकाऱ्याने सुधारित बैलगाडीचा कारखाना चालविला होता. सरकारी नमुना आणि गावच्या सुताराची जोड असे दोन प्रवाह अशा रीतीने आरंभापासूनच शेजारी शेजारी दिसतात. ज्यावर जीव अवलंबून आहे तो भाग एका कसोटीचा असावा आणि बाकीचा मालकाच्या सोयीचा असावा, हा विवेक त्यांतून प्रकट होतो. पहिल्या भागाला हात घालणे ह्यास आपण ‘फेरबदल’ म्हणू आणि दुसऱ्यात भर घालणे ह्यास ‘जोड’ म्हणू.

मोटरसायकलच्या युगातही हा भेद टिकून राहिला. १९५५ पासून मद्रासेत एन्फिल्डची बुलेट जुळविली जाऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूर येथे जावा गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. राजदूत गाडीही त्याच सुमारास रस्त्यावर आली. पुण्यात बजाज कंपनीची स्कूटर निघू लागली, तेव्हा ती मिळविण्यासाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. नमुने मोजके, रंग मोजके, आणि एकच नमुना दशकानुदशके न बदलता चालू. अशा परिस्थितीत आपली गाडी आपल्या उपयोगाची आणि आपली म्हणून ओळखू येण्याजोगी करावयाची, तर जोडीवाचून दुसरा उपाय नव्हता. दूधवाल्याने दोहो बाजूंस कॅन अडकविण्यासाठी लोखंडी चौकट बसविली. स्कूटरवाल्याने पावसापासून बचावासाठी पुढे काच लावली. कोणी पाय वाचविण्यासाठी गार्ड घेतला. ह्या कामांतून गावोगावचे वेल्डर, सीट शिवणारे आणि रंगारी तयार झाले.

फेरबदलाची मजल कोठवर जाऊ शकते, ह्याचे उदाहरण शेजारच्या सौराष्ट्रात सापडते. तेथे एन्फिल्डच्या पुढच्या भागाला मागे दोन चाके आणि माल वाहण्याचा सांगाडा जोडून तीनचाकी वाहन तयार झाले. त्याला लोक ‘छकडो’ म्हणतात. आपल्याकडे लहान बैलगाडीला छकडा म्हणतात, तोच हा शब्द. बैलगाडीचे नाव इंजिनाच्या वाहनाकडे कसे चालत आले, हे एवढ्या एका शब्दावरून कळते.

आपल्याकडील जोडीचे सर्वांत बोलके उदाहरण साडीगार्डचे होय. मागे एका बाजूस बसलेल्या स्त्रीचा पदर उघड्या चाकात अडकून अपघात होत. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या सायकलींना ह्याच कारणासाठी चाकावर दोऱ्यांची जाळी बांधीत. मोटरसायकलच्या विदेशी नमुन्यांत मात्र साडीचा विचार असण्याचे कारणच नव्हते. तो येथे करावा लागला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन, हाताने धरावयाची मूठ आणि पाय ठेवण्याची सोय ही प्रत्येक मोटरसायकलवर आवश्यक ठरविली. गाडीच्या मूळ आराखड्यात नसलेली वस्तू येथे कायद्याची आज्ञा झाली. जोड नेहमीच शोभेची नसते, हे सिद्ध करण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आता वातरोधक कवचाकडे, म्हणजे ज्यास दुकानदार आणि मेकॅनिक ‘फेअरिंग’ म्हणतात त्याकडे, वळू. त्याचा जन्म शर्यतीच्या मैदानात झाला. इटलीतील मोटो गुझी कंपनीने १९५० साली मांदेल्लो येथे स्वतःचा वायुबोगदा बांधला. पुढचे चाकही झाकून टाकणारी कवचे आडव्या वाऱ्यात धोक्याची ठरल्यामुळे १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय शर्यतींत ती बंद करण्यात आली. सामान्य प्रवाशाच्या गाडीला बसविता येईल असे कवच अमेरिकेत क्रेग व्हेटर ह्याने १९७१ पासून ‘विंडजॅमर’ ह्या नावाने विकले. होंडाच्या गोल्ड विंग गाडीवर मालक अशी कवचे स्वखर्चाने चढवीत. १९८० साली होंडानेच कवचासह गाडी बाजारात आणली. तत्पूर्वी, १९७६ मध्ये, बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही पूर्ण कवचाची गाडी काढली होती. मालकाने केलेली जोड कारखान्याला पुढे स्वीकारावी लागते, हा क्रम तेथेही दिसतो.

भारतात हा क्रम काही अंशी उलटा झाला. २००३ ची हीरो होंडा करिझ्मा आणि २००७ ची पल्सर २२० ह्यांनी अर्धे कवच आणले आणि २००८ च्या यामाहा आर-१५ ने पूर्ण कवच सामान्य ग्राहकाच्या दृष्टीपथात आणले. त्यानंतर साध्या गाडीच्या मालकालाही आपल्या गाडीला तसे रूप असावे असे वाटू लागले आणि काचतंतूची किंवा प्लॅस्टिकची तयार कवचे दुकानांत आली. मुंबईत अक्षय वर्दे ह्यांच्या ‘वर्देंची’सारख्या कार्यशाळांनी ह्या कामाला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, पण बहुसंख्य काम लहान दुकानांतच होते.

ह्या कवचाचा उपयोग किती? हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. म्हणून ताशी शंभर किलोमीटरला कवच उपकारक ठरते. पनवेलच्या बाजारपेठेत ताशी तीस किलोमीटरला ते केवळ शोभेचे असते. शिवाय हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर बेतशुद्ध आवरण न घातल्यास इंजिन तापते. कवच सांगाड्याऐवजी हँडलला टांगले तर हँडल जड होते आणि वाऱ्याचा झोत थेट सुकाणूला धक्का देतो. जादा दिवे रिले आणि फ्यूज न घालता जोडले तर तारा जळतात. चांगला कारागीर हे सारे जाणतो. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिल्यावाचून तो गाडी ग्राहकाच्या हवाली करीत नाही. चाकाची धाव चढविणाऱ्याची काळजी आणि ही काळजी एकाच जातीची आहे.

कायद्याचा प्रवास येथे लक्षात घ्यावयास हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या मूळ पाठात फेरबदलासाठी नोंदणी अधिकाऱ्यास कळवून संमती घेण्याची तरतूद होती. जोडसाहित्यामुळे गाडीच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडल्यास मात्र अशा संमतीची गरज नव्हती. दीडशे किलोच्या मोटरसायकलला ही सवलत तीन किलोंची होते. प्रमाण अल्प असले, तरी जोड आणि फेरबदल ह्यांतील भेद कायद्याने त्यात मान्य केला होता. २००० सालच्या सुधारणेने हे कलम बदलले. निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असे ते आता सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात ह्याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या सुधारणेने अशा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या.

ह्या कठोरपणास सबळ कारणे आहेत, हे नाकारता येणार नाही. सायलेन्सरमधील पडदे काढून टाकलेली गाडी मध्यरात्री अख्ख्या वस्तीची झोपमोड करते, आणि अलीकडच्या गाड्यांत सायलेन्सर बदलताना पुष्कळदा धूर शुद्ध करणारा भागही निघून जातो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. परंतु सामान नेण्याची चौकट, पायाचा गार्ड, वाऱ्याची काच आणि पडदे काढलेला सायलेन्सर ह्या सर्वांकडे एकाच संशयाने पाहिले जाते, तेव्हा त्याची किंमत लहान कारागीर देतो. आपण करतो ते काम मान्य की निषिद्ध, हे त्याला सांगणारी स्पष्ट रेषा नसते, आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहिला की मालकही त्याच संदिग्धतेत सापडतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीस प्रवेश नाही. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही नाही. त्यामुळे घाटाकडे निघालेला मोटरसायकलस्वार आजही पनवेलवरून जुन्याच रस्त्याने खोपोलीकडे जातो. गाडीवानाला घाट चढण्यापूर्वी चाक तपासून घ्यावे लागे. ह्या स्वाराच्या गाडीवर सामानाची पेटी आहे, पुढे काच आहे, धुक्यासाठी पिवळा दिवा आहे. त्याची प्रत्येक जोड वजनाने, जागेने आणि जोडणीने तपासता येण्याजोगी आहे. दोन टक्क्यांच्या जुन्या तरतुदीत अशा तपासणीचे बीज होते. पनवेलच्या चाककऱ्याला जो विवेक अनुभवाने अवगत होता तो नियमांच्या भाषेत पुन्हा मांडणे अशक्य नाही. ते झाले तर घाटातील सुरक्षितता आणि कारागिराची भाकरी ह्यांत विरोध उरणार नाही.